शाळेत कॅमेरा लागला, पण मुलाने सांगायचं कोणाला? माझगाव-डोंगरीच्या गल्ल्यांतून गावाने घेण्यासारखं

माझगाव, वाडीबंदर, मस्जिद बंदर ही नावं सातारा-सांगलीकडच्या, जुन्नर-आंबेगावच्या आणि कोकणातल्या घरांना नवी नाहीत. कोणाचे आजोबा गोदीत होते, कोणाचा चुलता दाणाबंदरला माथाडीत होता, कोणाची आत्या अजूनही डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या चाळीत राहते. (सावंतवाडीजवळचं माजगाव वेगळं. हे मुंबईच्या जुन्या सात बेटांपैकी एक.) गावाकडून पोरं शिकायला किंवा कामाला तिकडे गेली की घरची माणसं एकच वाक्य ऐकवतात, "जपून रहा रे, एरिया खराब आहे."

एरिया खराब म्हणजे काय, हे सिनेमांनी सगळ्यांना पाठ करून ठेवलंय. महापालिकेच्या ‘ई’ विभागात माझगाव, भायखळा, नागपाडा, कामाठीपुरा हे भाग येतात आणि डोंगरी त्याला खेटूनच आहे. टोळ्या, खंडणी, गर्दुल्ले, वेश्यावस्ती, दंगली अशा बातम्यांमधून हा पट्टा महाराष्ट्राला माहीत झाला. पण याच पट्ट्यात रोज सकाळी हजारो पोरं दप्तर पाठीला लावून शाळेत जातात. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा इथे आहेत. माझगावची सेंट मेरीज शाळा तर १८६४ पासून आहे. म्हणजे शाळा आणि बदनामी, दोन्ही इथे फार जुन्या.

अशा वस्तीत राहणाऱ्या मुलाला शाळेत सुरक्षित वाटतं का, आणि वाटत असेल तर ते कशामुळे? हा प्रश्न आता फक्त मुंबईचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडी ड्रग बनवणारा कारखाना पकडला तो नाशिकजवळच्या शिंदे गावात. पुढच्याच वर्षी पुणे पोलिसांनी सांगलीच्या कुपवाडमधून एमडीचा साठा जप्त केला. "आमच्या गावात असलं काही नाही" असं छातीठोकपणे म्हणायचे दिवस गेलेत.

भीती वहीत कशी उतरते

समजा सातवीतली एक मुलगी आहे. रात्री गल्लीत भांडण झालं, कोणाला तरी भोसकलं. तिने काही पाहिलं नाही. फक्त आरडाओरडा ऐकला, आईने दार लावून घेतलं, आणि सगळे उशिरापर्यंत जागे राहिले. सकाळी ती शाळेत आली. गणिताच्या तासाला बाई फळ्यावर लिहितायत आणि हिचं लक्ष दाराकडे. बाहेर कोणी जोरात बोललं तरी दचकते. बाईंना वाटतं, पोरीचं अभ्यासात लक्ष नाही. खरं म्हणजे तिचं लक्ष अगदी पूर्ण आहे, फक्त ते गणितावर नाही.

याचा पुरावाही आहे. अमेरिकेतलं शिकागो शहर टोळीयुद्धांसाठी कुप्रसिद्ध. पॅट्रिक शार्की या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या चाचण्यांचे गुण आणि त्यांच्या घराजवळ झालेल्या खुनांच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घराजवळ खून झाल्यानंतर आठवड्याच्या आत ज्यांची चाचणी झाली, त्या मुलांचे गुण त्याच वस्तीतल्या बाकीच्या मुलांपेक्षा कमी आले. खून त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता की नाही, याचा प्रश्नच नव्हता. वस्तीत झाला, एवढं पुरलं.

गावात खून रोज होत नाहीत. पण दारू पिऊन घरात होणारी मारहाण, भावकीतली कोयता-कुऱ्हाडीची भांडणं, एसटी स्टँडवर रोज मागे लागणारं टोळकं हे काय कमी आहे? शाळेच्या वेळेलाच रोज पोट दुखणं, पाचवीपर्यंत बरी असलेली पोर एकदम गप्प होणं, ठरावीक वाटेने जायला नकार देणं, मोठं झालेलं मूल अंथरूण ओलं करू लागणं, ही लक्षणं घरात दिसतात आणि "नाटकं करतो" म्हणून सोडून दिली जातात. मूल "मला भीती वाटते" असं सरळ सांगत नाही, ते पोटावर हात ठेवतं.

आधी उपाय म्हणजे भिंत

डोंगरीत उमरखाडीला एक जुनी जागा आहे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं, ते अनेकांना शाळेपासून ठाऊक असेल. पुढे त्या तुरुंगाच्या जागी मुलांचं निरीक्षणगृह आलं. मुंबई प्रांतात १९२४ मध्ये मुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. चुकलेल्या, हरवलेल्या, कोणी नसलेल्या मुलांना मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोठडीत टाकू नये, हा त्यामागचा विचार. त्या काळाच्या मानाने हे मोठंच पाऊल होतं.

तरी लोकांच्या तोंडी "डोंगरीला टाकीन" ही मुलांना घालायची धमकीच होऊन बसली. जागा तुरुंगाची, भिंती तुरुंगाच्या, मग नाव तरी वेगळं कसं पडणार? आजचा कायदा अशा मुलाला गुन्हेगार म्हणत नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा जड शब्द त्याने वापरलाय, पण मागची गोष्ट सोपी आहे. मुलाला नव्याने सुरुवात करता आली पाहिजे आणि त्याचं जुनं प्रकरण आयुष्यभर कपाळावर राहता कामा नये. शाळेत मात्र उलटं घडतं. एखाद्या मुलाचा बाप किंवा भाऊ आत गेला की वर्गात त्याचं नाव पडतं, बाकी पोरांना घरून सांगितलं जातं, "त्याच्याशेजारी बसू नको." मग त्याला जवळ करायला बाहेरचं टोळकं तयारच असतं. टोळीत त्याला नावाने हाक मारतात, खायला घालतात, मोटारसायकलवर मागे बसवतात. शाळेने यातलं काय केलं, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने एकदा स्वतःला विचारावा असा आहे.

कामाठीपुरा, संध्याकाळ

या पट्ट्यात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं काम झालं ते माझगावपासून थोड्याच अंतरावरच्या कामाठीपुऱ्यात. तिथल्या वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये ‘प्रेरणा’ ही संस्था सुरू केली. मुलं दिवसा शाळेत जाऊ शकत होती. अडचण शाळा सुटल्यावरची होती. संध्याकाळी आईचं काम सुरू व्हायचं. खोली एकच, त्यात गिऱ्हाईक. मग पोर एकतर त्याच खोलीत खाटेखाली नाहीतर पडद्यामागे, किंवा रात्रभर रस्त्यावर. मुलीला तर दोन्हीकडे धोका. दलाल, मालकीण, दारुडे सगळे तिच्यावर डोळा ठेवून. अशा रात्रीनंतर सकाळी ते मूल वर्गात झोपणार नाहीतर काय करणार?

म्हणून १९८८ मध्ये ‘प्रेरणा’ने रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. संध्याकाळी मूल यायचं, जेवायचं, अभ्यास करायचं, झोपायचं, सकाळी परत. त्याला जोडून शाळेत नाव घालणं, अभ्यासात मदत करणं आणि आईची तयारी असेल तर मुलाला वस्तीबाहेरच्या वसतिगृहात पाठवणं, अशी कामं उभी राहिली. आईला दोष न देता तिला सोबत घेऊन हे चाललं. आईला आपल्या पोराचं भलं कळत नाही, हा समज त्यांनी आधीच बाजूला ठेवला होता.

इथे विचार करण्यासारखं आहे ते घड्याळ. धोक्याची वेळ कोणती, हे आधी शोधलं आणि त्या वेळेला दार उघडं ठेवलं. सगळ्या शाळा दिवसा उघड्या असतात. मुलाचा धोका मात्र बऱ्याचदा संध्याकाळी पाचनंतर सुरू होतो.

गावाकडे याचं जुळं भावंड दिसतं ते ऊसतोडीच्या मोसमात. दिवाळीच्या आसपास बीड, नगर, जालना, परभणीकडून जोड्या कारखान्यांवर जातात आणि पाच-सहा महिने घरी फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. मोठी होत चाललेली मुलगी एकटी मागे कशी ठेवायची, या एका भीतीपोटी कितीतरी मुली आई-बापाबरोबर फडावर जातात नाहीतर लवकर उजवल्या जातात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. कामाठीपुऱ्यात जो प्रश्न रात्री पडायचा, तोच इथे हंगामाला पडतो: आई-बाप कामावर असताना मुलाजवळ कोण? ही वसतिगृहं मोसम सुरू व्हायच्या आधी उघडली तरच उपयोग. टोळी निघून गेल्यावर महिन्याने उघडलेल्या वसतिगृहात पोर येणार कुठून?

मुंबईच्या रात्रशाळा हाही याच धाग्यातला एक तुकडा. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणाऱ्या पोरांसाठी परळ-लालबागच्या गिरणगावात आणि आसपास त्या चालत आल्या. गावाकडून आलेल्या कितीतरी माणसांनी मॅट्रिक अशीच केली. या शाळांसाठी काम करणारी ‘मासूम’ ही संस्था निकिता केतकर यांनी २००८ मध्ये सुरू केली. पुस्तकं आणि प्रयोगाचं साहित्य तर त्यांनी पुरवलंच, पण मुलांच्या पोटात काहीतरी पडावं म्हणून खाऊचीही सोय केली. कामावरून थेट वर्गात आलेल्या उपाशी पोराला शाळा आपली वाटायला कधीकधी एवढंही पुरतं.

पोलीसमामाची भीती

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत भायखळा, नागपाडा, डोंगरी, माझगाव हा सगळा पट्टा होरपळला. त्यानंतर एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायलाही माणसं घाबरायची, मग पोरांचं काय! पोलिसांवरचाही विश्वास उडाला होता. तेव्हा माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने १९९४ च्या सुमारास मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. दोन्ही समाजांची वस्तीतली माणसं आणि ठाण्यातले पोलीस नियमित एकत्र बसू लागले. नळाचं पाणी, कचरा अशा साध्या तक्रारींपासून बोलणं सुरू व्हायचं. वस्तीतली पोरं आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामनेही झाले. ज्या पोलिसाला आपण चेंडू टाकलाय, त्याच्याकडे जाऊन बोलायला पोराला कमी भीती वाटते.

पुढे मुंबई पोलिसांनी ‘पोलीस दीदी’ उपक्रम आणला. महिला पोलीस शाळेत जाऊन मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श समजावून सांगतात. २०२२ मध्ये निर्भया पथकंही आली. अशा भेटीनंतर एखादं मूल पुढे येऊन काहीतरी सांगतं आणि घरातला किंवा शेजारचाच माणूस उघडा पडतो. भेट वर्षातून एकदा, फोटोपुरती असेल तर मात्र त्यातून काही निघत नाही.

आपल्याकडे आया लेकरांना जेवताना सांगतात, "गप खा, नाहीतर पोलीस धरून नेईल." गंमत म्हणून सांगतात. पण तेच लेकरू दहा वर्षांचं झाल्यावर कोणी त्रास दिला तर पोलिसाकडे जाईल का? शिक्षकाचंही तसंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी घातली आहे. अजूनही काही पालक स्वतःच जाऊन सांगतात, "गुरुजी, हाडं आमची, कातडी तुमची." ज्या गुरुजीच्या छडीला मूल घाबरतं, त्याला ते आपली सगळ्यात अवघड गोष्ट सांगणार नाही. या एका कारणासाठी तरी छडी शाळेबाहेर गेली पाहिजे.

वाट कोणाची

शाळेत पोचल्यावर मूल एक वेळ निर्धास्त असेल, पण वाटेचं काय? शिकागोत २००९ मध्ये ‘सेफ पॅसेज’ नावाची योजना सुरू झाली. वस्तीतलीच मोठी माणसं, त्यात आया, आज्या, बेरोजगार तरुण असे सगळे, ठरावीक कोट घालून शाळा भरताना आणि सुटताना कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहतात. त्यांना मानधन मिळतं. हातात शस्त्र नाही, अटक करायचा अधिकार नाही. फक्त उभं राहायचं, पोरांना नावाने ओळखायचं आणि काही दिसलं तर कळवायचं. पुढे संशोधकांनी हिशोब मांडला तेव्हा अशा रस्त्यांवर हिंसक गुन्हे सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं.

बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या, त्याचाही असाच अनुभव. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. सायकलने अंतर कमी झालं हे तर खरंच, पण मुली घोळक्याने जाऊ लागल्या. एकटीला अडवणारा दहाजणींच्या घोळक्याला अडवताना दहादा विचार करतो.

महाराष्ट्रात ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मागास तालुक्यांत मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बस धावतात. योजना चांगल्याच आहेत. तिढा पडतो तो वेळापत्रकात. शाळा पाचला सुटते आणि बस साडेसहाला येते, तर मधला दीड तास ती मुलगी फाट्यावर उभी. त्याच फाट्यावर टपरी, तिथेच टोळकं. २०१६ च्या जुलैमध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत घडलेल्या घटनेनंतर महाराष्ट्रभर गावागावांत पालकांनी हाच प्रश्न विचारला होता, की पोरीला शाळेत पाठवायचं तर वाटेत तिच्यासोबत कोण? बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवायची मागणी ग्रामपंचायतीने ठराव करून आगारप्रमुखाकडे द्यावी. शाळेनेही पत्र जोडावं. या कामाला पैसा लागत नाही, पाठपुरावा मात्र लागतो.

टपरीचंही सांगायला हवं. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू, गुटखा, सिगारेट विकायला कायद्याने बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे साधारण ९० मीटर. मुलाला दारू, तंबाखू किंवा ड्रग देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात हे कोणी सांगत नाही, कारण टपरी कोणाच्या तरी भावकीतल्या माणसाचीच असते.

बदलापूरनंतर काय बदललं

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले. वस्ती बदनाम नव्हती, शाळा नावाजलेली होती. तरीही घडलं. तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या दिरंगाईवर सगळ्यात जास्त संताप होता. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोरींनाच सांभाळून राहायला शिकवण्यापेक्षा मुलग्यांना शिकवा, असंही न्यायालयाने सुनावणीत बोलून दाखवलं.

राज्य सरकारने लगेच आदेश काढला. शाळेत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती, आणि काही घडलं तर २४ तासांच्या आत वरिष्ठांना कळवणं. यातली सखी सावित्री समिती नवी नव्हती. मार्च २०२२ मध्येच तिचा आदेश निघाला होता. तक्रार पेटीही जुनीच. कागद आधीपासून होता, तो कपाटात होता.

कॅमेऱ्याला विरोध असायचं कारण नाही. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, आणि तेही चालू असेल तर. झेडपीच्या कितीतरी शाळांत लाईटबिल थकून वीज तुटते, तिथे कॅमेरा म्हणजे भिंतीवरची शोभा. शिवाय त्रास स्वच्छतागृहात होतो, वाटेवर होतो, मोबाईलवर होतो. घरातही होतो. तिथे कॅमेरा नाही. तिथलं फक्त मूल सांगू शकतं, आणि सांगितल्यावर आपल्यालाच ओरडा बसणार नाही याची खात्री असेल तरच ते सांगतं.

म्हणून शाळेत गेल्यावर पालकांनी विचारायचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. सखी सावित्री समितीत कोण आहे, आणि त्यांची नावं मुलांना माहीत आहेत का? तक्रार पेटी शेवटची कधी उघडली, कोणासमोर उघडली, चावी कोणाकडे असते? पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी कोण टाकणार? मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे, कडी लागते का? सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे हे प्रश्न विचारणं हे त्या समितीचं कामच आहे. सही करून चहा घेऊन निघून येण्यासाठी ती समिती नाही.

मुलाने सांगितलंच तर

१८ वर्षांखालच्या कुठल्याही मुलामुलीवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. मुलगा असला तरीही. असं काही घडल्याचं कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर ६ महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर वर्षापर्यंत. "शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू" असं म्हणणारा मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक स्वतःच गुन्ह्यात येतो. गावात बैठक बोलावून, दोन्हीकडच्यांना समोर बसवून मिटवायचा हा विषय नाही.

पोलीस ठाण्यात मुलाला न्यावंच लागतं असंही नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला कुठल्याही कारणाने ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी आई-बाप ठाण्याची पायरीच चढत नाहीत.

घरी मात्र पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. "तू तिकडे गेलीसच कशाला?" हा प्रश्न तोंडातून गेला की पोर गप्प होते, ती कायमची. विश्वास ठेवायचा, परत परत खोदून विचारायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, डॉक्टरकडे लवकर न्यायचं.

आणि हातातला स्मार्टफोन. अशी बातमी आली की गावच्या ग्रुपवर पहिल्या तासात मुलीचं नाव, फोटो, शाळा, बापाचं नाव फिरायला लागतं, तेही "श्रद्धांजली", "न्याय द्या" असं लिहून. पीडित मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. ज्या मुलीचं नाव तालुकाभर झालं, तिला परत त्याच वर्गात बसायचं असतं. फॉरवर्ड करू नये, आणि ग्रुपवर कोणी टाकलं तर अॅडमिनने तिथल्या तिथे काढावं.

मदतीचा नंबर १०९८. हा नंबरही मुंबईतच जन्मला. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसोबत काम करताना तो सुरू केला. रात्रीबेरात्री त्यांना फोन यायचे, त्यातूनच चोवीस तास चालणारी सेवा उभी राहिली. २०२३ पासून ती सरकारकडे आहे आणि ११२ शी जोडलेली आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मूल स्वतःही करू शकतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, आणि गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. आपल्या गावात ती आहे का, हे अंगणवाडीताईंना विचारलं तर कळेल.

बऱ्याच शाळांत १०९८ लिहिलेला असतो, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत, वरच्या बाजूला, थोर पुरुषांच्या फोटोंच्या रांगेत. तो मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि एसटीच्या थांब्यावर, दुसरीतल्या पोराच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर रंगवून घ्यायला एक डबा रंग पुरतो.